भास्करदादांचा पायगुण

“भास्करदादा, रागावू नका हं, पण तुम्ही जरा त्या कपडे बदलायच्या खोलीमागे जाऊन उभे राहता का?”

अश्लेषाने हे हसत हसतच विचारलं, पण तिचे डोळे काही हसत नव्हते. फुटबॉलचा सामना बरोबरीत, दोन्हीकडे एकेक गोल, आणि पंच सारखा घड्याळाकडे बघायला लागलेला. समोर इलेक्ट्रिकलवाल्यांचे धिप्पाड गडी, आणि आपली मेकॅनिकलची पोरं नुसती धापा टाकत पळताहेत. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठातल्या विभागांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता तो, आणि मेकॅनिकलने ही स्पर्धा आजवर कधी जिंकली नव्हती.

“मी? मी काय केलं?” भास्करने विचारलं.

“तुम्ही बघायला लागलात की आपण हरतो. मागच्या वर्षी तुम्ही चहा आणायला गेलात आणि तेवढ्यात आपला गोल झाला, आठवतंय ना? आमचा गोलकीपर, तो टोबियास, जर्मन माणूस, तोसुद्धा म्हणतो आता. प्लीज, दादा. शेवटची काही मिनिटं.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे खिदळले.

आता बघा, ही सगळी शिकलीसवरली मंडळी. दिवसभर संगणकापुढे बसून कुठल्या धातूला कुठे तडा जाईल ते सांगणारी. पण सामना अटीतटीला आला की यांची सगळी विद्या गुंडाळून ठेवलेली. भास्करला त्याचं नवल वाटलं नाही. सांगलीला घरी क्रिकेटच्या वेळी विकेट पडत नसली की आत्मारामकाका त्यालाच मोरीत पाठवायचे. “जा रे भास्कर, तू असलास की हे हलत नाहीत.” आणि मेलं खरंच विकेट पडायची. बाहेर जल्लोष, आत हा बादलीशेजारी. तेव्हा त्यालाही गंमत वाटायची.

आज वाटली नाही.

सोमवारी त्याचं भारतात परतायचं विमान होतं. सात वर्षं पीएच. डी.साठी काढली होती त्याने इथे. मध्येच प्राध्यापक निवृत्त झाले, नवे आले ते आपली माणसं घेऊन आले, आणि भास्करचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, पुढे वाढवला नाही. प्रबंध अर्धवट. दर रविवारी फोनवर आई विचारायची, “झालं का रे तुझं?” आणि तो म्हणायचा, “होत आलंय.” आता तसं म्हणायचीही सोय उरली नव्हती.

या सगळ्यात धड म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही पोरं. स्वतः तो कधी चेंडूला पाय लावायचा नाही, पण शनिवार आला की थर्मासभर चहा घेऊन मैदानावर हजर. पाऊस असो, गारठा असो, आरडून आरडून घसा बसवून घ्यायचा. पोरं हरायची आणि हा त्यांच्या पाठी थोपटायचा. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्याला त्यांना जिंकताना बघायचं होतं. एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं.

“दादा, प्लीज!”

“बरं बाई, जातो,” भास्कर म्हणाला.

खोलीमागे ओल्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. समोर कुंपण, त्यापलीकडे सायकली. मैदानातून ओरडण्याचे आवाज येत होते, पण कोण कुणाला ओरडतंय ते कळत नव्हतं. एकदा मोठ्ठा ‘अरेरे’ झाला. डोकावून बघावं का? नको. बघितलं आणि हरले तर?

आणि मग एकदम गलका झाला. असा गलका त्याने या मैदानावर कधी ऐकला नव्हता. तो धावत सुटला, कोपऱ्याशी घसरला, सावरला, आणि पोचला तेव्हा गोलपाशी पोरांचा नुसता ढीग पडला होता. लगेच शेवटची शिट्टी वाजली.

“जिंकलो, दादा! जिंकलो!” अश्लेषाने त्याचे दोन्ही हात धरून त्याला गरागरा फिरवलं. “बघा, मी म्हटलं नव्हतं? तुम्ही गेलात म्हणून झालं!”

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. “भास्करदादांच्या पायगुणाचा विजय असो!” तो हसला. आनंद झालाच होता त्याला, खोटं कशाला बोला. पण खांद्यावरून खाली उतरताना त्याच्या मनात आलं, आपण बाजूला झालो की सगळं मार्गी लागतं. मैदानावर तसंच, प्रयोगशाळेतही बहुतेक तसंच. सोमवारी आपण गेलो की त्या नव्या प्राध्यापकांचंही भलंच होईल.

बाकावर बसून तो पोरांना चहा ओतून देऊ लागला. कप्तान सिद्धेश घामाने निथळत शेजारी येऊन टेकला. गोल त्यानेच मारला होता.

“कसा होता, दादा? डावा पाय! आयुष्यात डाव्या पायाने मारला नव्हता मी. तुम्ही बघितलं...” आणि तो थांबला. “तुम्ही तिकडे होतात.”

“असू दे रे. जिंकलात ना?”

“छ्या! असं कसं असू दे?” सिद्धेश ताडकन उठला. “अश्लेषा, कसला गं तुझा येडपटपणा! सोमवारी चाललाय ना तो माणूस! टोबियास, गोलमध्ये उभा राहा. मी परत मारून दाखवतो. सेम टू सेम.”

अश्लेषाचा चेहरा पडला. पोरं दमून लोळली होती, तरी उठली. भास्कर नको नको म्हणत होता, पण त्याला ओढून नेऊन रेषेपाशी, अगदी पुढे उभं केलं. कोपऱ्यातून चेंडू आला. सिद्धेश धावला, डावा पाय फिरवला. चेंडू गोलच्या बराच वरून गेला.

“थांबा, थांबा. परत.”

दुसऱ्यांदा तो खांबाच्या बाजूने गेला. या वेळी टोबियास मुद्दामच जागचा हलला नव्हता. कोणी हसलं नाही. अश्लेषा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली.

“शाब्बास!” भास्कर ओरडला, आणि दर शनिवारी वाजवायचा तशाच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. “काय ताकद आहे रे पायात!”

“दादा, अजून एकदा...”

“नको. दमलायस तू. चहा गार होतोय तुझा, जा.”

“चेंडू तरी आणतो.”

“तू बस. मी आणतो,” भास्कर म्हणाला, आणि कुंपणाकडे निघाला. चेंडू झुडपाखाली अडकला होता, सहज दिसत होता. खाली वाकून त्याने तो उचलला, बाहीने त्यावरचा चिखल पुसला. पुसून झाल्यावरही तो मैदानाकडे पाठ करून पुसतच राहिला.