शेजारच्या घरची उपकारस्तुती

सुभद्राबाईंच्या आणि आमच्या खोलीची भिंत एकच. त्यामुळे घोंगड्या अंथरल्याचं, चाळीतून कपबशा मागून आणल्याचं, सगळं मला घरबसल्या कळत होतं. त्यांची नात आजारातून उठली म्हणून उपकारस्तुतीची सभा होती. पिंपरीत कारखाना निघाला तशी नगरकडची आम्ही काही ख्रिस्ती घरं या चाळीत येऊन राहिलो. कुणी बरं झालं, कुणाला नोकरी लागली, की पाळकांना बोलवायचं, गायचं, उभं राहून साक्ष द्यायची आणि देवाचे उपकार मानायचे, ही आमची रीत. मीही कितीदा मानले होते.

पण घटसर्प दोन्ही घरांत एकाच आठवड्यात शिरला होता. त्यांची नात वाचली. माझा शमुवेल गेला, तीन वर्षांचा. बाप औषधाच्या कारखान्यात कामाला आणि पोराला औषध लागू पडलं नाही, यावर हसावं की रडावं ते मला अजून कळलेलं नाही. त्याला पुरल्यापासून मी प्रार्थनेला तोंड उघडलं नव्हतं. जेवणाआधी हे एकटेच डोळे मिटायचे आणि मी ताटाकडे बघत बसायची.

"चल की," हे म्हणाले. "न्हाई गेलो तर लोक म्हनतील, जळतीया."

जळत तर होतेच, खोटं कशाला बोलू? तरी गेले.

गाणं झालं. सुभद्राबाई साक्षीला उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शास्त्रात हाय न्हवं, मिसर देशात मृत्यूचा दूत घराघरातली पोरं न्यायला फिरला, तसा आपल्या चाळीत फिरला. पन आमचं दार त्यो ओलांडून गेला. देवाचे लई उपकार."

ओलांडून गेला म्हणजे कुठं गेला? पुढचं दार माझंच होतं. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. ह्यांनीसुद्धा, सवयीनं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्यात भर म्हणून पाळक याकोबराव माझ्याकडे वळले. "मार्थाबाई, तुम्हीही दोन शब्द बोला. दुःखातही उपकार मानले की मन हलकं होतं."

मी उभी राहिले. "सुभद्राबाई, माझ्या दारावर काय त्याला आवतण लिहिलं व्हतं? एकाच चटईवर गुडघे टेकले आपन. तुमच्या नातीसाठी म्या पन मागितलं. ते ऐकलं, आन् शमूचं नाव काढल्यावर देवाला झोप लागली व्हय?"

"मार्थाबाई, देवाला असं बोलू नये," पाळक म्हणाले.

"मग कुनाला बोलू? तुमाला? तुमी नेला का त्याला?"

ह्यांनी माझा पदर ओढला. मी तो हिसकावून घेतला आणि बाहेर पडले. सुभद्राबाईंच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला कळत होतं. त्याचाच जास्त संताप येत होता.

मी आमच्या उंबऱ्यावर बसले. मागोमाग त्यांची सून इंदू आली, पोरीला कडेवर घेऊन, स्वतःच्याच घरची सभा सोडून. माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "वहिनी, मला उपकार मानताच येईना. तोंड उघडलं की तुमचा शमू दिसतो. माझी पोर जगली, त्याची लाज वाटती."

हे ऐकून मी आणखीच भडकले. "येडी हायस का? जित्या पोरीची लाज? मान उपकार! आत्ताच्या आत्ता मान!"

"तुमी आदी मानल्याबिगर न्हाई."

ती खरंच हटून बसली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत.

"देवा," मी म्हणाले, "इंदूची पोर ठेवलीस, तुझे उपकार. माझा शमू तीन वर्सं दिलास, त्याचेबी उपकार. पन नेलास, त्याची म्या तुला माफी दिल्याली न्हाई."

इंदू 'आमेन' म्हणाली. मी म्हटलं नाही. माझं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.