खाल्लं कुणी?

मॉरिटानियाच्या राजधानीतल्या, नवाकशोतच्या दवाखान्यातून तेकबेर घरी आली ती फणफणतच. गुडघ्याचं ऑपरेशन हवं तर आधी वीस किलो उतरवा म्हणे. दूध बंद, खजूर बंद. गेली दोन वर्षं कुणी हाताला धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं, तिला असली पथ्यं सांगत होते मेले. वर कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं: ओबेसिटी.

"म्हणजे काय गं?" तिनं लेकीला विचारलं. सल्का शाळेत फ्रेंच शिकवायची.

"लठ्ठपणा. शब्द मुळात लॅटिन आहे, आई. खाऊन खाऊन लठ्ठ झालेली, असा अर्थ."

"खाऊन? मी कुठे खाल्लं? मला खाऊ घातलं."

खोटं नव्हतं ते. सातव्या वर्षी आईनं तिला तंबूत बसवून उंटिणीचं दूध पाजायला सुरुवात केली. वाडग्यामागून वाडगा. नको म्हटलं की आई तिच्या पायाचं बोट दोन काड्यांमध्ये धरून दाबायची. रडायचं, ओकायचं आणि परत प्यायचं. पण बाई जितकी जाड तितकी देखणी, अशी तिथली समजूत; अंग भरत गेलं तशी आईची मान ताठ झाली. तेकबेर चालली की बायका वळून बघायच्या. लग्नात तिच्या दंडांवर गाणी रचली होती. काय दिवस होते ते! आज त्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा पुरला नाही.

दुष्काळाच्या साली दोनच उंटिणी उरल्या, तरी तिचा वाडगा काठोकाठ भरलेला असायचा. तेव्हा आई कशावर जगली, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी आई दुधाचा वाडगा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. ऐंशीची, नुसती हाडं. "पी. दवाखान्यात जाऊन चेहरा उतरलाय तुझा."

नाही म्हणायचं तर आईच्या जन्मभराच्या कष्टांवर पाणी फिरवायचं. हो म्हणायचं तर जन्मभर असंच बसून राहायचं. तेकबेरनं वाडगा घेतला आणि आईच्याच तोंडाला लावला.

"आधी तू."

"माझं पोट भरलंय."

"दुष्काळातही हेच म्हणायचीस."

म्हातारीनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तेकबेरनं हात लांबवून तिच्या पायाचं बोट चिमटीत धरलं.

"मुकाट्यानं पी. नाहीतर दाबीन."

म्हातारीला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत संपवला.