वन्संच्या घरचं खमीर

असिमिनाचं खमीर मेलं ते शनिवारी सकाळी. मेलं कसलं, तिनंच मारलं! फुगेना म्हणून हिचा जीव वरखाली, उचललं भांडं आणि ठेवलं चुलीच्या कडेला. कोंबड्यांवर ओरडून परत येते तो खमिराचं पिठलं झालेलं.

आणि उद्या रविवारी स्टेर्गिओसचं, तिच्या नवऱ्याचं, वर्षाचं स्मरण. त्या दिवशीचा उपासनेचा पाव घरच्या बाईनं मळायचा, आणि पाद्रीबाबांनी वेदीवर त्यातलाच एक कण मेलेल्याच्या नावानं काढायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा पाव गेला, तर वर गेल्यावर नवऱ्याला ती काय तोंड दाखवणार?

दुकानात पाकिटातलं यीस्ट मिळतं, पण ते या पावाला चालत नाही. क्रुसाच्या सणाला आशीर्वाद मिळालेल्या सब्जाच्या डहाळ्या ठेवून खमीर लावायचं, आणि तेच घरोघर वाटून वर्षभर जगवायचं. तरी असिमिनानं चोरून पाकीट फोडलंच. पीठ असं फुगलं म्हणता! परातीतून उतरलं, खुर्चीवर चढलं, वर पाय हलवत बसलं. मांजर जी धुराड्यात शिरली ती वेशीबाहेर निघाली. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा. असिमिनानं घाबरून छातीवर क्रूस काढला आणि सगळा गोळा डुकराला घातला. डुक्कर दुपारभर ढेकर देत होतं, तेही भजनाच्या सुरात.

आता जिवंत खमीर एकाच घरी. ज्या घरी पाव होतो तिथंच ते ताजं राहतं, आणि गेल्या रविवारचा पाव पोलिक्सेनीनं केला होता. पोलिक्सेनी म्हणजे स्टेर्गिओसची बहीण, हिची नणंद. नवऱ्याला मातीत ठेवून लोक अजून परतत होते, तेव्हा भर अंगणात ती म्हणाली होती, "माझा भाऊ हिच्या तेलकट भेंडीनं गेला." तेव्हापासून दोघी रस्त्यात दिसल्या की एक आकाश बघायची, दुसरी जमीन.

असिमिना रोज संध्याकाळी मूर्तिचित्रापुढं दिवा लावून प्रभूची प्रार्थना म्हणायची. पण आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ केलं, तसं तू आम्हाला कर, असं जिथं म्हणायचं तिथं तिला खोकला यायचा. बरोबर तिथंच. आणि ती ओळ संपली की खडखडीत बरी!

ती फाटकापर्यंत गेली, परत आली. एप्रन सोडला, पुन्हा बांधला. अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. ऊन टेकडीकडे सरकायला लागलं. पीठ भिजवायला आता उशीर झाला तर सकाळी वेदीवर काय ठेवायचं? मग ती रिकामं भांडं घेऊन तरातरा निघाली, जशी काही भांडायलाच.

पोलिक्सेनी दारातच लसूण सोलत बसली होती.

"वन्सं, खमीर हवंय."

"अगंबाई! वहिनीला तोंड आहे की! तुझं काय झालं?"

"मेलं."

"तुझ्या घरात टिकतं काय म्हणा."

असिमिनाचे कान तापले. पाय म्हणाले चला घरी. पण हातानं भांडं पुढं केलं.

पोलिक्सेनीनं आतून खमीर आणलं. देणारीनं आणि घेणारीनं भांड्याला मिळून हात लावायचा आणि प्रभूची प्रार्थना पुरी म्हणायची, मगच देणारीनं सोडायचं, ही तिथली रीत. दोघींनी भांडं धरलं आणि सुरुवात केली. रोजची भाकर मागायच्या ओळीपर्यंत गाडी सुरळीत आली. मग असिमिनाला खोकला आला.

आणि पोलिक्सेनीलाही.

दोघी खोकत एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला काय झालं खोकायला?" असिमिना म्हणाली. "भेंडी तर माझी होती."

"भेंडीला उगाच नाव ठेवलं, म्हणूनच. त्या दिवशी कुणावर तरी ओरडायचं होतं. देवावर ओरडायची हिंमत नव्हती. तू समोर उभी होतीस."

"मग एवढं वर्ष सांगायला काय झालं होतं?"

"तू आकाश बघत होतीस ना!"

असिमिनाला रडूही येईना, हसूही येईना. भांडं जड झालं होतं, मनगटं दुखत होती, ऊन चाललं होतं. "म्हणा आता," ती म्हणाली. "मला पीठ भिजवायचंय."

दोघींनी ती ओळ म्हटली. एरंडेल गिळावं तशी, डोळे मिटून. वीज चमकली नाही, काही नाही. असिमिनाच्या पोटातला भेंडीच्या त्या बोलाचा खडा होता तिथंच होता, फक्त थोडा सैल. उद्या पुन्हा म्हणावी लागणार, परवाही, हे तिला कळून चुकलं. उरलेली प्रार्थना संपली, तसा पोलिक्सेनीनं हात सोडला.

असिमिना भांडं पोटाशी धरून उतारानं पळत सुटली. मागून आवाज आला, "वहिनी, पाणी कोमट घे! कढत ओतून पुन्हा मारशील!"

"मला अक्कल शिकवू नका, वन्सं!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. वर्षभरानं त्या दोघी एकमेकींशी ओरडत होत्या, आणि सगळं गाव कान देऊन ऐकत होतं.