दफनभूमीतली दुसरी गाय

ब्लासिदाच्या रेडिओचा आवाज कुरुसू वेरा गावाबाहेर जेमतेम दोन कोस ऐकू जायचा. रोज सकाळी सहाला ती बोलायला बसायची. कोण वारलं, कुणाचं डुक्कर हरवलं, या आठवड्यात डॉक्टर येणार की नाही. याखेरीज गेली अकरा वर्षं ती राजधानी असुन्सिओनमधल्या एका मोठ्या वाहिनीची बातमीदारही होती, निदान कागदावर तरी. दवाखान्याला रुग्णवाहिका नाही ही बातमी तिने सात वेळा पाठवली होती. ओढ्यावरचा पूल वाहून गेला तेव्हा पाठवली. एका बाळंतिणीला बैलगाडीतून नेताना वाटेतच मूल दगावलं, तेव्हा तर रडत रडत पाठवली. तिकडून एकच उत्तर यायचं, "पाहतो."

ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी ती दफनभूमीत गेली होती. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला होता आणि तांबडी धूळ डोळ्यांत जात होती. आत पाहते तर एपिफानिया हातात झाडू घेऊन डोन सिंफोरियानोच्या मागे लागलेली. सिंफोरियानोच्या दोन गायी रात्रीतून दफनभूमीत शिरल्या होत्या आणि त्यातल्या एकीने एपिफानियाच्या नवऱ्याच्या क्रुसावरचं भरतकामाचं पांढरं कापड ओढून काढलं होतं. कापडाचं टोक अजून तिच्या तोंडातून लोंबत होतं.

"अगं मारतेस काय? मी का तिला सांगितलं तुझं कापड खा म्हणून?" सिंफोरियानो हात वर करून ओरडत होता.

"तुझी गाय, तुझं तोंड! माझ्या माणसाला मेल्यावरही चैन नाही पडू देत!"

सिंफोरियानोने दुसरी गाय आधीच घरी नेऊन बांधली होती. ब्लासिदाने फोन काढला आणि जे दिसलं ते टिपलं. झाडूचे चार फटके, चघळणारी गाय, एपिफानियाचा हंबरडा. मग दोघंही दमली. सिंफोरियानोने झाडाखाली थर्मास उघडला, थंडगार तेरेरे, पाल्याचा बर्फाळ चहा, ओतलं आणि पहिला घोट एपिफानियाच्या हातात दिला. ती म्हणाली, "तो असता तर तुझ्या गायीलाही प्यायला दिलं असतं बघ." दोघंही हसली. ब्लासिदाने हेही टिपलं होतं. पण घरी येऊन वाहिनीला पाठवताना तिने ते हसणं कापलं. चाळीस सेकंदांत काय काय बसवणार?

अर्ध्या तासात फोन वाजला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिकडून फोन. बोलणारी मारिसेल नावाची बाई होती, बातम्यांची प्रमुख. गावाकडच्या बाईला मानाने 'न्या' म्हणतात, तसं तीही म्हणाली.

"न्या ब्लासिदा, कमाल केलीत! आम्ही गाडी पाठवतोय, मी स्वतः येते. आणि हो, दुसरी गाय कुठंय? ती का नाही दिसत?"

"ती घरी नेली होती," ब्लासिदा म्हणाली. फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं. चित्रात एकच गाय होती. पाठवताना लिहिलेल्या चार ओळींतही एकच होती. मग दुसरीचं या बाईला कुणी सांगितलं?

त्या संध्याकाळी साऱ्या देशाने कुरुसू वेरा पाहिलं. पडद्यावर लाल पट्टी होती, 'मेलेल्यांना गुरांपुढे टाकणारं गाव'. झाडूचे फटके चार वेळा, हंबरडा सहा वेळा. स्टुडिओत एक पाद्री, एक वकील आणि एक नटी बसून गावाची लाज काढत होते. एपिफानियाचं नाव खाली लिहिलं होतं, आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मारिसेल उतरली तेव्हा नगराध्यक्ष देर्लिस इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दफनभूमीच्या दारात तयारच उभा होता. त्याच्या शेजारी तिकाटण्यावर गुळगुळीत कागदाचा एक मोठा रंगीत नकाशा होता.

"माझ्या गावाची मान खाली गेली," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला, आणि त्याचा आवाजही अगदी वेळेवर भरून आला. "ही जुनी दफनभूमी आता सुरक्षित राहिलेली नाही. आपल्या माणसांना आपण टेकडीपलीकडे, सन्मानाने, नव्या जागेत नेऊ. गुरुवारी पालिकेत ठराव मांडतोय."

ब्लासिदा नकाशाकडे बघत राहिली. बुधवारी सकाळी असा नकाशा? पालिकेला साधा जन्माचा दाखला द्यायला तीन आठवडे लागतात. ती मागून गेली, फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. टेकडीपलीकडे हिरवा चौकोन, 'नवी दफनभूमी'. आणि आज त्यांची माणसं जिथे झोपली होती त्या जागी, डांबरी होऊ घातलेल्या महामार्गाला लागून, राखाडी चौकोन. त्यात लिहिलं होतं, 'इंधन व विश्रांती'. अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरात तारीख होती. अकरा जून.

ती कुंपणाच्या कडेने मागच्या बाजूला गेली. गायी शिरल्या तिथली तार तिने हातात घेतली. सारी तार गंजून तपकिरी झालेली, पण तुटलेली टोकं नाण्यासारखी चकचकीत. गायीच्या अंगाने तार अशी तुटत नाही, पक्कडीनेच तुटते.

सिंफोरियानो मागे येऊन उभा राहिला. एका रात्रीत त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या गोठ्याचं फाटक मी स्वतः लावलं होतं, न्या. दोरीचे दोन वेढे. सकाळी दोरी गुंडाळून खुंटीला टांगलेली. गाय काय दोरी गुंडाळून ठेवते?"

"हे त्या वाहिनीवाल्यांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ती माईकवाली म्हणाली, काका, फक्त माफी मागा, बाकी नंतर कापावं लागतं."

मारिसेल गाडीत बसून चिपा, चीज घातलेला पाव, खात होती. ब्लासिदाने दार ठोठावलं नाही, सरळ आत जाऊन बसली.

"दुसऱ्या गायीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मारिसेलचा घास थांबला. मग तिने खांदे उडवले. "पालिकेतून फोन होता, सोमवारी दुपारी. या आठवड्यात तुमच्या दफनभूमीत काहीतरी घडेल, गायी दोन असतील, लक्ष ठेवा म्हणाले."

"सोमवारी? घडलं मंगळवारी!"

"म्हणून तर चित्र हवं होतं ना. ते तुम्ही दिलंत."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही? कुणी, कशासाठी?"

"न्या ब्लासिदा, मला रोज असे वीस फोन येतात. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी असतंच. मी बघते ते एवढंच, की लोक चॅनल बदलतील की नाही."

"बैलगाडीत मूल गेलं तेव्हा?"

"जेवताना असलं कुणी बघत नाही हो." मारिसेल हे वाईटपणाने बोलली नाही, उलट हळूच बोलली. ब्लासिदाला तेच जास्त लागलं.

घरी जाताना तिला सगळं गाव वेगळंच दिसू लागलं. पालिकेचा शिपाई नेहमीसारखा हात हलवत होता. हाच असेल का? दुकानदार देर्लिसचा मेहुणा, त्याने आजच दुकानाला कुलूप का घातलंय? आणि दफनभूमीत आपण मंगळवारी सकाळी जातो, दर मंगळवारी, आईच्या कबरीवर. हे कुणी हेरलं असेल? म्हणजे आपल्याला कुणी सांगितलंही नाही, नुसतं आपल्या वाटेत ठेवलं, आणि आपण उचललं. वर हसणं कापून, तासून, नीट करून दिलं.

गुरुवारी सकाळी सहाला तिने ना वारलेल्यांची नावं वाचली, ना डुकरांची. नकाशाची तारीख वाचली. 'इंधन व विश्रांती' दोनदा वाचलं. तारेबद्दल, दोरीबद्दल, सोमवारच्या फोनबद्दल सांगितलं. मग म्हणाली, "आणि आता माझं. त्या दोघांचं भांडण मी अर्धंच पाठवलं. उरलेलं हे ऐका." तिने फोन माईकजवळ धरला. एपिफानियाचं बोलणं आणि दोघांचं हसणं गावभर वाजलं.

दहा वाजता पालिकेच्या सभेत उभं राहायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बायका आपापल्या क्रुसावरची पांढरी कापडं काढून हातात घेऊन आल्या होत्या. देर्लिस तिला पाहून हसला. "न्या ब्लासिदा, बातमी तर तुम्हीच दिलीत. आता कुणावर उलटताय?"

"तुझ्यावर आणि माझ्यावर," ती म्हणाली. "तू तारीख सांग. जूनमध्ये कोणत्या गायी शिरल्या होत्या?"

त्याने पाणी मागितलं. अभियंत्याची चूक असेल म्हणाला. मग लोकभावनेचा मान राखून ठराव पुढे ढकलतो म्हणाला. मागे घेतला असं काही म्हणाला नाही. तार कुणी कापली हे पुढेही कुणाला कळलं नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि तेवढ्यावरच थांबले.

ब्लासिदाने नकाशाचा फोटो आणि सगळी हकिकत वाहिनीला पाठवली. उत्तर आलं, "पाहतो." त्या संध्याकाळी पडद्यावर दुसऱ्याच गावची मुख्याध्यापिका होती, तिने म्हणे एका मुलीची वेणी कापली. ब्लासिदाने ती बातमी शेवटपर्यंत पाहिली, आणि ही कुणी पाठवली, त्यातून काय कापलं, हाच विचार करत बसली.

शनिवारच्या बसने एपिफानियाची मुलगी लिदुविना गावी परतली. असुन्सिओनमध्ये ती एका घरी कामाला होती. मालकीण पाहुण्यांसमोर तिला 'गायवाली' म्हणू लागली, तशी तिने गाठोडं बांधलं. ही लिदुविना म्हणजे ब्लासिदाची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला तिला ब्लासिदानेच हातांवर धरलं होतं.

ब्लासिदा त्यांच्या घरी गेली. एपिफानिया ओट्यावर मका सोलत होती. मुलीच्या धर्ममातेला म्हणतात तसं 'कोमाद्रे' म्हणूनच, पण वर न पाहता तिने विचारलं.

"कोमाद्रे, एक विचारते, खरं सांग. देर्लिसने तुलाही फोन केला होता का आधी?"

"नाही गं. आईची शपथ."

"मग मंगळवारी तू नेमकी कशी होतीस तिथे?"

"दर मंगळवारी असते. तुला माहीत आहे."

"मला बरंच काही माहीत आहे असं वाटायचं," एपिफानिया म्हणाली. तिने पुढचं कणीस उचललं. "मी विश्वास ठेवते. माझं वय झालंय, भांडायचा कंटाळा येतो. पण पोरीचं तू पोरीशीच बोल. ती मागे धुणं धुतेय."

लिदुविना दगडावर चादर आपटत होती. एरवी धर्ममाता दिसली की ती कुठेही असो, दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागायची, लहानपणापासूनची रीत. आज तिने मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा चादर उचलली.

"ते हसणं का कापलंस, माद्रिना?" तिने विचारलं. "एवढंच सांग."

ब्लासिदाकडे चाळीस सेकंदांचं उत्तर होतं. ते तिने दिलं नाही. "हसणं नसलं तरच वाहिनीवाले घेतील असं वाटलं म्हणून," ती म्हणाली. "अकरा वर्षं त्यांनी माझं काहीच घेतलं नव्हतं."

लिदुविनाने भिजलेल्या चादरीचं एक टोक पुढे केलं, कारण एकटीने ती पिळता येत नव्हती. ब्लासिदाने ते धरलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ दिला. हात मात्र लिदुविनाने जोडले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढे बरेच दिवस नाही.