बिनवासाचा कोट

मी एक कोट आहे. जाड लोकरीचा, तांबड्या-काळ्या चौकड्यांचा, चार खिशांचा. शिकारीचा कोट आपली गोष्ट सांगू लागला की लोक बंदुकीच्या बाराची आणि मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघतात. ते दोन्ही माझ्या आयुष्यात येऊन गेलं. पण मी बोलतोय ते एका म्हाताऱ्याच्या आंघोळीविषयी, आणि ते सांगताना मला मान वर करवत नाही.

माझा जन्म लोकरीच्या गिरणीतला. आयली नावाची तरुण मुलगी तिथे बटणं लावायला होती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात, रायनो कांगास नावाच्या खाणकामगाराशी तिचं लग्न ठरलं होतं. माझी बटणं तिने दुहेरी दोऱ्याने लावली आणि मला त्याच्यासाठी घेऊन गेली. त्या बटणांपैकी एकही आजवर तुटलेलं नाही.

रायनोने मला चाळीसहून जास्त हिवाळे घातलं. कोट चाळीस वर्षं अंगावर राहिला की त्याच्यात काय काय मुरतं! चिलमीचा तंबाखू, मुस्ती कुत्र्याचं ओलं अंग, कढईतलं डुकराचं मांस, सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या, बर्चच्या लाकडांचा धूर, आणि रायनोचा स्वतःचा घाम. एवढे वास घेऊन तो हरणाच्या शिकारीला जायचा आणि दरवर्षी एक हरीण घरी आणायचा. त्याची युक्ती साधी होती. खिशात रुईसारख्या एका झाडाच्या बोंडांतला कापूस असे. त्यातली एक म्हातारी तो वाऱ्यावर सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. मग वारा तोंडावर घेऊन झाडाच्या बुंध्याशी बसायचा. वारा फिरला की उठायचा. बस्स.

आयली गेली, मुस्ती गेला, रायनोचे गुडघे गेले. तेव्हा वेस्लीने, त्याच्या मुलाने, मला मागून घेतलं. बाबांना लाभलेला कोट आपल्यालाही लाभेल असं त्याला वाटलं. रायनोने खिसे रिकामे करून मला त्याच्या हातात दिलं.

वेस्ली वाईट माणूस नव्हता. वीज कंपनीत तारा जोडायचा, कामात चोख होता. पण हरीण नाकाने जगतं हे त्याने कुठेतरी वाचलं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं. माणसाचा वासच उरू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. बिनवासाचा साबण आणला. मला त्या साबणाने चार वेळा धुतलं, खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवलं, तीन आठवडे दोरीवर वाऱ्यात टांगलं. मग फरच्या झाडाच्या फांद्या आणि मूठभर जंगलातली माती घालून झाकणाच्या पेटीत बंद केलं. तो स्वतः सोड्याने दात घासायचा. रबरी बूट जंगलाच्या कडेला पोचल्यावरच पायात घालायचा. शिकारीच्या दिवसांत जंगलातल्या खोपटीत कॉफी बंद, तळणं बंद, आणि धूर अंगाला चिकटतो म्हणून तिथल्या सौनालाही कुलूप.

पहिल्यांदा धुऊन आणलं तेव्हा रायनोने कॉलर नाकाशी धरून बघितली होती. मला परत खुंटीला अडकवून आपल्या खोलीत गेला.

मला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. पण खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो. त्याच वर्षी वेस्ली झाडावरच्या मचाणावर बसलेला असताना आठ टोकांच्या शिंगांचा एक नर खाली आला. वारा सरळ आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता, तरी त्याला काही कळलं नाही. दहा पावलांवर उभा राहून तो शांतपणे गवत खात होता. आपण तिथे असून नसल्यासारखे आहोत, याची मला नशा चढली. तेव्हापासून मी घरातल्या सगळ्या वासांना नाक मुरडू लागलो. म्हाताऱ्याच्या वासालाही.

गुडघे गेल्यापासून रायनो वेस्लीकडेच राहत होता. एक्याऐंशी पूर्ण झाली होती. गुडघ्यांना उग्र मलम लावायचा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नव्हता. तो स्वच्छ राहायची फार धडपड करायचा, दिवसातून दोनदा कपडे बदलायचा, तरी वास यायचा. एकदा जाता जाता त्याने माझ्या बाहीवरून हात फिरवायला म्हणून हात पुढे केला. वेस्ली मागून म्हणाला, "बाबा, हात नका लावू." रायनोने हात मागे घेतला. मला हायसं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षी त्याने हट्ट धरला. एकदाच, शेवटचं, खोपटीवर यायचं. शिकारीचा पहिला दिवस पंधरा नोव्हेंबर. त्याच्या आदल्या दुपारी वेस्ली, त्याचा मित्र पेल्की आणि म्हातारा असे तिघे जंगलातल्या खोपटीवर पोचले. मला लगेच बाहेर दोरीवर टांगलं. वेस्लीने खोपटीच्या खिडक्या वाऱ्यासाठी सताड उघडल्या होत्या, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

उद्या आपण कुठे बसायचं, असं रायनोने विचारलं. वेस्लीने उडवाउडवी केली. खोपटीवरच थांबा, पांघरूण घेऊन आराम करा, असं काहीबाही सांगितलं. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. शेवटी वेस्ली वैतागला.

"बाबा, तुमचा वास येतो. तुम्ही खाली बसलात की अर्ध्या मैलात एक हरीण फिरकणार नाही."

पेल्कीला हसू आलं. "काका, हरीण सोडा, येताना गाडीत मीच खिडकी उघडून बसलो होतो."

पेल्की सगळ्यांचीच अशी टिंगल करायचा, त्याच्या मनात काही नव्हतं. थोड्या वेळाने दोघे बसायच्या जागा बघायला जंगलात निघून गेले.

मग दार उघडलं. रायनो बाहेर आला तो हातात वेस्लीचा साबण घेऊन. आधी सौनाकडे गेला, कुलूप बघितलं, हाताने एकदा हलवून पाहिलं. मग अंगणातल्या हातपंपाकडे वळला. बादलीत बर्फाची साय धरली होती ती त्याने मुठीने फोडली.

त्याने सगळे कपडे काढले. त्याच्या अंगावर मी चाळीस वर्षं होतो, पण तो इतका बारीक झालेला मला माहीत नव्हता. एका हाताने पंपाचा दांडा धरून तो दुसऱ्या हाताने अंग घासू लागला. मान, काखा, जांघा, गुडघ्यांवरचं मलम. पुन्हा पुन्हा साबण लावत होता. मध्येच बाही हुंगावी तसा दंड नाकाशी नेऊन हुंगायचा आणि परत घासायचा. दात वाजत होते. टॉवेल आणलेला होता, पण तो घरच्या सुवासिक पावडरीने धुतलेला. त्याने टॉवेल उचलला, हुंगला आणि परत ठेवून दिला. तसाच वाऱ्यात उभा राहून अंग वाळवू लागला.

मी तीन पावलांवर होतो. कोरडा, जाड, उबदार. त्याने माझ्याकडे बघितलं. हात वर केला, अगदी माझ्या खिशापर्यंत आणला. आणि थांबला. आपण कोट अंगावर घेतला तर पोराची एवढी मेहनत वाया जाईल, असंच त्याच्या मनात आलं असणार. हात खाली गेला. तो दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला, आणि मी दोरीवर डुलत राहिलो. वारा होता. एका बाजूचा चिमटा सैल झाला होता. मी खाली पडू शकलो असतो.

ते दोघे परत आले तेव्हा तो स्वच्छ कपडे घालून लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला होता. ओठ निळे पडले होते.

"बघ आता," तो वेस्लीला म्हणाला. "येतो का?"

वेस्लीने पंपाखालचं साबणाचं पाणी बघितलं. त्याला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. पेल्की मान फिरवून खोपटीत निघून गेला. वेस्ली वाकला, बापाच्या मानेजवळ नाक नेलं, आणि म्हणाला, "नाही येत. चला उद्या." म्हातारा असा हसला की जणू शाळेत पहिला आला होता.

पहाटे वेस्लीने मला घातलं, वरून, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावी म्हणून, नारिंगी बंडी चढवली. रायनोला त्याने आपल्या मचाणाच्या झाडापासून दोनशे पावलांवर एका फरच्या झाडाच्या बुंध्याशी बसवलं. स्वतः वर चढला. उजाडता उजाडता म्हाताऱ्याला खोकला सुरू झाला. दाबलेला, तोंडावर मूठ धरून केलेला. एक मादी झाडीच्या कडेला आली होती, ती खोकला ऐकून परत फिरली. वेस्ली दातओठ खाऊ लागला. त्याचं अंग माझ्या आत तापलं होतं. खाली उतरून बघावं, असं त्याला वाटलं नाही.

मग खोकला थांबला. वेस्लीला बरं वाटलं. मलाही.

त्यानंतर तो दीड तास तसाच बसून राहिला. नर आला नाही. सूर्य वर आल्यावर तो उतरून गेला, तर रायनो गुडघ्यांवर डोकं टेकून बसलेला. बंदुकीतल्या गोळ्या काढून शेजारी नीट ओळीने ठेवलेल्या. हाक मारली तर डोळे उघडले, पण आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येईना. तेव्हा वेस्लीने मला काढलं आणि बापाभोवती गुंडाळलं. रडत रडतच त्याने बापाला उचलून गाडीपर्यंत आणलं. पेल्कीने चाळीस मैल गाडी हाणली.

दवाखान्यात मी त्याच्या खोलीतल्या कपाटात होतो. फुप्फुसांना सूज आली होती. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी मार्लिस आली. तिने कपाळावर हात ठेवून विचारलं, असं कसं झालं? रायनोने खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलंसुद्धा नाही.

"पंपाशी पाय घसरला," तो म्हणाला. "भिजलो. माझाच वेंधळेपणा, दुसरं काय."

वेस्ली गप्प राहिला. त्या क्षणी त्याने तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट मी वेगळ्या आवाजात सांगितली असती.

रायनो दहाव्या दिवशी गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा गोड पाव होता. वेस्ली मला घालून आला होता. लोकांनी मला ओळखलं. जुने खाणकामगार येऊन माझी बाही दाबत होते. मार्लिस उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की माझ्या भावाने बाबांना शेवटचं जंगल दाखवलं, त्यांची इच्छा पुरी केली, मला ते जमलं नसतं. लोकांनी माना डोलावल्या. वेस्लीने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

हे ओझं त्याने हिवाळाभर वागवलं. एप्रिलमध्ये रस्त्यांवरचा बर्फ उतरला तसा तो मला गाडीत घालून मार्लिसच्या दारात गेला. तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. साबण, कुलूप, पेल्कीचं हसणं, बापाची मान हुंगणं. आणि तो दीड तास.

मार्लिस बटाटे सोलत होती. सुरी थांबली.

"पाणी किती गार होतं?"

"बादलीत बर्फ होता."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा माझ्याशी खोटं बोलले ते तुझ्यासाठी. तू कुणासाठी गप्प राहिलास?"

मला खुर्चीच्या पाठीवर ठेवून वेस्ली निघून गेला. तिने थांब म्हटलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. वेस्लीने बंदूक पेल्कीला देऊन टाकली. हिवाळ्यात बर्फ पडला की त्याची गाडी न सांगता येते आणि मार्लिसच्या दारापुढचा रस्ता साफ करून जाते. पहिलं वर्ष ती पडद्याआडून नुसती बघायची. हल्ली पायरीवर कॉफीचा थर्मास ठेवते. घरात अजून बोलावत नाही.

मी तिच्या मागच्या दारापाशी खुंटीला असतो. मला घालून ती चुलीतली राख टाकते, कोंबड्यांना दाणे घालते, कधी मला तसंच अंगावर ठेवून चुलीपाशी डुलकी काढते. तिने मला एकदाही धुतलेलं नाही. तिचं वयही साठीपुढे गेलंय. माझ्या कॉलरमध्ये आता तिचा वास मुरू लागला आहे, थोडा कोंबड्यांचा, थोडा सांधेदुखीच्या मलमाचा. मी तो घट्ट धरून ठेवतो. माझ्या हातात काही असेल तर एवढंच आहे.

परवा ती सफरचंदाच्या झाडाखाली पडलेली फळं गोळा करायला गेली होती. कुंपणापलीकडे एक हरणी पाडसाला घेऊन उभी होती. वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. तिने नाक वर केलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि पांढरी शेपटी उभारून पाडसासकट झाडीत नाहीशी झाली. मार्लिस हळहळली.

मी हळहळलो नाही. इथे एक माणूस आहे, एवढं त्या मुक्या जनावराला माझ्यामुळे कळलं. मला त्यातच बरं वाटलं. मार्लिसच्या मागून मी ज्याच्या कुणाच्या अंगावर जाईन त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, तुझ्या घरातलं कुणी थंडीत उभं असेल तर आधी मला त्याच्या अंगावर टाक. मग मला कसलाही वास लागो.