पांढऱ्या उंदरांची तिरपी फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. वीतभर लांब, तिरपी. गोंदियाच्या घनश्याम मिस्त्रीने चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं आणि "आता उंदरायलेही पाट पायजे," असं पुटपुटत फार्मसी कॉलेजात पोचवलं.

माझ्या माथ्यावर दोरा ताणलेला. भूल दिलेल्या उंदराचे वरचे दात त्यात अडकवायचे, जीभ चिमट्याने बाजूला घ्यायची आणि बारीक नळीने श्वासनळीत थेंब सोडायचा. उंदराने श्वास घेतला की थेंब फुप्फुसात. हे काम तिथे संशोधन करणाऱ्या पिंकीचं. पिंकी हे तिचं कागदावरचंही नाव, त्यावरून कुणी हसलेलं तिला खपत नसे. तिचा हात इतका हलका, की तिचे मार्गदर्शक सर इतरांना मुद्दाम बघायला बोलवत. तेव्हा मीही फुशारून जायचे.

तिची आई भागीरथा वीस वर्षं राइस मिलमध्ये झाडू मारते आणि खोकते. मालक म्हणतो, बिडी ओढत असेल. भागीरथाने जन्मात बिडीला हात लावलेला नाही. खोकला मिलच्या धुळीचाच, हे पिंकीला सिद्ध करायचं होतं. म्हणून निम्म्या उंदरांना मिलच्या धुळीचं पाणी, तुलनेसाठी निम्म्यांना नुसतं मिठाचं.

आठ महिन्यांनी सगळे उंदीर मारून फुप्फुसं तपासली. मिठाचं पाणी दिलेल्यांचीही तेवढीच बिघडलेली.

पिंकी पिंजऱ्यांपाशी गेली. पिंजरे सांभाळणारा चैतराम उंदरांखालचा भुसा बदलत होता, धूळ उडत होती.

"हा भुसा कुठला, चैतरामभाऊ?"

"मिलचा. धानाच्या मुलखात दुसरं काय टाकू, मॅडम? फुकट भेटते."

पिंकी रोज त्याच भुशावरून उंदीर उचलत होती. घरी कोंबड्यांखालीही तोच, म्हणून तिला कधी खटकलंच नाही. सगळेच उंदीर आठ महिने मिलची धूळ हुंगत होते; तुलनेला धुळीविना वाढलेला एकही नव्हता. सर म्हणाले, हे कुठे छापता येणार नाही.

त्याच दिवशी आईचा फोन आला. "काय निंगलं वो तुह्या उंदरायतून?"

"काही सांगता येत नाही, आई."

"मंग मालकाचंच खरं म्हणू का?"

पिंकीने फोन ठेवला. तिने मला पुसून कपाटात ठेवलं. त्यानंतर ते कपाट कुणी उघडलेलं नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाचा प्राण घ्यायचाच असेल, तर आधी त्याच्या पायाखाली काय अंथरलंय ते बघा. माझ्यावर चौसष्ट उंदीर टांगले गेले. एकाचंही मरण कुणाच्या कामी आलं नाही.