तिसऱ्या शंखानंतर

नाथा तांडेलाचा तिसरा शंख झाला, म्हणजे कोलशेत गावाला परतणारा मचवा सुटणार. तो ऐकू आला तेव्हा कल्याणच्या कासाराकडे तुळसाचा एकच हात भरून झाला होता. उद्या तिची हळद, आणि चुडा भरताना नवरीनं अर्ध्यावरून उठायचं नसतं.

“बस गप,” तिची आई ठमाबाई म्हणाली. “दुसरा हात पुढे कर.”

दोघी बंदरावर पोचल्या तेव्हा मचव्यानं धक्का सोडला होता. बस्त्याला आलेलं सारं कोलशेत त्यात, लग्नाची गाठोडी त्यात, नवरी तेवढी धक्क्यावर! ओहोटी लागली की नाथा सख्ख्या आईसाठीही थांबत नसे, पण नवरीला टाकून जावं? ठमाबाईचं डोकं सणकलं.

कोपर गावापर्यंत खाडी वळणं घेत जाते, मिठागरांचा बांध मात्र सरळ जातो. त्यात आज वारा पडलेला, शिडाचा मचवा रेंगाळणार. तिनं काष्टा आवळला.

“चल तुळसे. हात वर धर. एक काकण पिचलं तर खाडीत ढकलीन तुला.”

भर उन्हात दोघी बांधावरून धावत सुटल्या. तळव्यांना मीठ झोंबत होतं, पण ठमाबाई थांबली नाही.

मचवा कोपरच्या वळणावर आला तेव्हा समोर दोघी कमरेभर पाण्यात उभ्या होत्या, तुळसाचे हिरवेगार हात डोक्यावर. नाथा सुकाणू धरून बघतच राहिला.

ठमाबाईनं लेकीला आधी वर चढवलं, मग स्वतः चढली. लुगड्याचा पदर पिळत म्हणाली, “नाथा, किती उशीर केलास रे!”